नवी कोरी चादर

गच्चीवर तिचा नवरा सोलर पॅनेलखाली आडवा पडून जळकी वायर बदलत होता. "ऊन आहे तोवर यात करंट असतोच, म्हणून पॅनेलवर जाड चादर टाकलीय," असं सांगून गेला होता, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दर दोन मिनिटांनी ती खालून ओरडायची, "अहो, ठीक आहात ना?" आणि वरून वैतागलेलं उत्तर यायचं, "हो गं बाई!"

इतक्यात सासूबाई वाळलेले कपडे घेऊन जिना उतरल्या. सगळ्यात वर त्याच चादरीची नीटस घडी.

"नवी कोरी चादर अशी उन्हात विटायला टाकतात का गं? मी काढली म्हणून वाचली!"

ती जिवाच्या आकांताने ओरडली, "अहो!"

 

वरून "हो गं बाई" काही आलं नाही.