भिंगरीचं वळण

भिंगरी कुत्री खांबाला चिकटून वळायला शिकली, तर मास्तरणीला तीस वर्षांपूर्वी हुकलेला अर्धा सेकंद परत मिळणार होता. तिच्या नवऱ्याचा फायदा त्याहून मोठा. या शिकवणीपायी का होईना, बायको सकाळी सातला आपणहून अंथरुणातून उठायची. दृष्टी गेल्यापासून दुसऱ्या कशासाठीही ती उठत नव्हती.

तरुणपणी ती कुत्र्यांना अडथळ्यांची शर्यत शिकवायची, म्हणून मास्तरीण. तो बस चालवायचा, म्हणून ड्रायव्हर. परसात विटांवर तीन झाडूचे दांडे, पुढे एक खांब. मास्तरीण वेताच्या खुर्चीत बसून भिंगरीच्या पट्ट्याच्या घंटीवरून वळण ओळखायची. वळण नेटकं असेल तर एकच ठोका. रुंद असेल तर घंटी लांबत जायची.

आज ती लांबली.

"पंधरा दिवस झाले, तुमच्या बससारखी वळतेय," मास्तरीण म्हणाली. "वाण नाही पण गुण लागला."

"बसला जागा लागते गं."

"उडीच्या आधी खांदा वळवा. कुत्रं तोंडाकडे नाही, खांद्याकडे बघतं. आणि आधी तिला इकडे आणा, जरा कुरवाळते."

"चिखलानं बरबटलीय. मग आणतो."

शेजारीण भिंतीवरून डोकावली. काहीतरी बोलणार होती, पण ड्रायव्हरकडे बघून तशीच आत गेली.

"त्या शर्यतीच्या दिवशी तुम्ही बसचा हॉर्न मारला नसतात..." मास्तरणीनं जुनं पान उघडलं.

"आनंद झाला म्हणून मारला. कॅनव्हासचे बूट घालून काय पळत होतीस."

"आणि कुत्रं दचकलं. अर्धा सेकंद गेला, कप गेला."

"पण मी मिळालो की."

"तेच म्हणते, नुकसान दुहेरी."

ती हसली. तो पुन्हा सुरुवातीच्या दांड्याशी गेला. घंटी निघाली. पहिली उडी, दुसरी, तिसरी. खांबाशी एकच ठोका. टण.

मास्तरीण खुर्चीत ताठ झाली. मग तिनं पदराच्या गाठीतून बिस्कीट काढून हात पुढे केला. ते अलगद उचललं गेलं.

"खाल्लं?"

"खाल्लं," ड्रायव्हर धापा टाकत म्हणाला.

तो कुंपणापाशी गेला. तिथली पंधरा दिवसांपूर्वी उकरलेली माती अजून बसली नव्हती. बिस्कीट त्यानं तिच्यावर ठेवलं, पायरीवर टेकला आणि स्वतःच्या घोट्याला बांधलेला पट्टा, घंटी मुठीत दाबून, सोडू लागला.

"अर्धा सेकंद फिटला हो," मागून मास्तरीण म्हणाली. "उद्याही सातला उठेन मी. तुम्ही मात्र शेजारी खुर्ची टाकून बसा. भिंगरीचे गुडघे कधी वाजत नव्हते."