जागृतीची डबी

“तपासाले म्हणून हार्डडिस्का तुमीच काढून नेल्या, अन् मशिनी मेल्या म्हणता?” संगणक शिकवणाऱ्या जागृतीनं संगणक भंगारात काढायला आलेल्या साहेबांना तोंडावरच विचारलं. अल्लीपूरच्या विहारातल्या अभ्यासिकेसमोर भंगारचा टेम्पो उभा. “चालू करून दाखवा, ठेवतो,” साहेब हसले. तिनं पर्समधून तळहाताएवढी डबी काढली. तिच्यातल्या एकाच डिस्कमध्ये कितीतरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या इमेज, म्हणजे जशाच्या तशा प्रती. डबी मशीनला जोडून तिच्यावरच्या बटणानं हवी ती निवडायची. पहिली सिस्टिम जुन्या मशीनला झेपेना. टेम्पोवाल्यानं मशिनी बांधायला दोर सोडला. तिनं हलकी निवडली अन् पडदा उजळला. सगळं मशीनच्या मेमरीत उतरताच डबीची गरज संपली; ती काढून शेजारच्या मशीनला लावली, मग पुढच्या. “एका मेणबत्तीनं दुसरी लावतो तसंच करून राह्यली पोरगी!” वंदनेला आलेल्या जिजाबाई हरखल्या. अभ्यासिकेतल्या पोरी खुर्च्या ओढून बसल्यासुद्धा. टेम्पोवाल्यानं दोर गुंडाळला. जागृतीचा जीव निवला, राग मात्र नाही. “साहेब, सांगा, आमच्या डिस्का कधी आणून देता?”