टीव्हीचं बारसं

दुकानातले सगळेच टीव्ही उपग्रहावरची फुकटची चॅनल्स पकडत होते, वेगळ्या सेट-टॉप बॉक्सची भानगड कुणालाच नव्हती. पण केशवरावांना भावला तो कोपऱ्यातला, बाईच्या आवाजात बोलणारा.

"तुम्हाला जुनी नाटकं आवडतात ना? शोधून ठेवते हं," तो टीव्ही म्हणाला आणि केशवराव चक्क लाजले.

रेवतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं संसार करून या माणसाच्या तोंडून 'हं'च्या पलीकडे शब्द निघाला नव्हता, आणि या डबड्याला तो आपली आवडनिवड सांगत सुटला होता!

"त्यापेक्षा हा शेजारचा घ्या. चॅनल्स तीच दिसतात, आणि हा तोंड तरी बंद ठेवतो."

केशवरावांनी ऐकलंच नाही.

"आता हिचं नाव ठेवा," विक्रेता म्हणाला. "पडद्यावर बोटानं लिहा. त्या नावानं हाक मारलीत की ती ओ देईल. पण नाव एकदाच ठेवता येतं."

'हिचं' म्हणे! रेवतीबाईंनी नाक मुरडलं.

लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलं होतं, तितक्याच जपून केशवरावांनी लिहिलं: शालन.

ते रेवतीबाईंचं माहेरचं नाव. तांदळात 'रेवती' लिहून यांनीच ते पुसून टाकलं होतं. पुढे 'रेवती' अशीही कधी हाक मारली नाही, नुसतं 'अगं'.

"शालन," केशवरावांनी हळुवार हाक मारली.

"ओ," दोघी एकदमच म्हणाल्या.

केशवराव मागे वळून हसले.

"अगं, तुला नव्हे."