मागचं वजन

यू-टर्नला मोटरसायकल कलली आणि श्रुतीने श्वास रोखला. दोन्ही बाजूंच्या पेट्यांत चाळीस किलो, मागे कॅरिअरवर तंबू, टाकी काठोकाठ. पण तिच्या बापाने, श्यामसुंदरने, क्लच हळुवार सोडला आणि गाडी सरळ केली.

अट तिचीच होती. सगळं सामान लादून जासई ते द्रोणागिरी, दोन फेऱ्या. एकदा जरी गाडी आडवी झाली, तर हिमालयात स्पितीला जायचं नाही. बाबाचं वय छप्पन्न, जायचं एकट्याने, आणि आईला जाऊन जेमतेम सात महिने. बापाच्या मागोमाग ती स्कूटरवर होती.

"मागची सीट मोकळी का सोडलीस?" निघताना तिने विचारलं होतं. "तंबू तिथे बांध की. वजन मधे येईल."

"कॅरिअरवर नीट बसलाय तो."

कंटेनरचे ट्रेलर अंगावरून गेले, गाडी डगमगली नाही. सांडलेल्या खडीवरून तो पाय ठेवायच्या पेगवर उभा राहून गेला. फक्त प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी त्याचा डावा हात हँडल सोडून जरासा मागे जायचा. हाताला रग लागली असेल, श्रुतीला वाटलं.

दुसरी फेरी कंटेनर यार्डाच्या भिंतीपाशी, बाळाबाईच्या चहाच्या टपरीसमोर संपली. जात्यावरची ओवी मधेच थांबावी, तसं इंजिन थांबलं.

श्रुती हेल्मेट काढून हसत पुढे आली. "पास झालास, बाबा. उतर."

तो उतरला नाही. दोन्ही पाय जमिनीत रोवून, ब्रेक दाबून, पाठ ताठ करून बसून राहिला.

"गारी सावलीत लावा, भाऊ," बाळाबाई आतून म्हणाली.

"बाबा, स्टँड लाव. पडेल."

"थांब जरा." तो समोरच बघत होता. "आईला उतरू दे आधी. घाई केली की ओरडते."

श्रुतीचं हसू विरलं. खाडीवरचा खारा वारा येऊन तंबूची दोरी हलवून गेला. नाही बाबा, नाही जायचं. शब्द ओठांशी आले होते.

तेवढ्यात गाडी मागून बोटभर वर आली. सावकाश, स्प्रिंगचा बारीक आवाज करत. कुणीतरी खांद्याचा आधार घेऊन पाय खाली टेकवावा, तशी. बाबा अजून सीटवरच होता. सामान जागच्या जागी होतं.

मग त्याने स्टँड लावला.

"काय मग?" हेल्मेटमधूनच त्याने विचारलं. "जाऊ ना?"

श्रुतीने मोकळ्या सीटकडे पाहिलं.

"जा," ती म्हणाली. "फक्त घाटात तिला डुलकी लागते. बोलत ठेव."