पहिला नंबर काशीनाथरावांचा

“कोणीच पुढे येईना, तेव्हा मी स्वतः जाऊन टेबलावर झोपलो,” काशीनाथराव म्हणाले आणि रेकॉर्डरचा लाल दिवा चालू आहे ना, हे त्यांनी तिसऱ्यांदा बघून घेतलं.

समोर रसिका मान डोलावत होती. कुटुंब नियोजनाच्या कामातल्या जुन्या जाणत्यांच्या आठवणी तिची संस्था जमवत होती. हे रेकॉर्डिंग कायमचं जपून ठेवणार, असं ती म्हणाली आणि काशीनाथराव भलतेच खुलले.

गोष्ट एकोणऐंशी सालची. घोडबंदरच्या शाळेत नसबंदीचं शिबिर होतं. डॉक्टर तयार, पडदा लावलेला आणि गावातले सगळे बाप्ये कुंपणाबाहेर हाताची घडी घालून उभे. काशीनाथराव तेव्हा तालुक्याच्या मोहिमेचे प्रमुख. पदरात दोन मुली होत्या. ते ताठ मानेने पडद्याआड गेले आणि पंधरा मिनिटांत हसत बाहेर आले. संध्याकाळपर्यंत एकतीस गडी त्याच टेबलावर झोपले. ऑफिसात ही गोष्ट शिपायालासुद्धा पाठ होती. घरी मात्र काशीनाथरावांनी ती कधी काढली नव्हती. आजही बायको आणि मुलगा दातांच्या डॉक्टरकडे गेल्यावरच त्यांची जीभ सैल सुटली होती.

मग रसिकाने माहितीचा फॉर्म काढला. मुलांची जन्मसालं तिने सहज विचारली. मुलींची दोन्ही सालं त्यांनी धडाधड सांगितली आणि पुढे त्यांना ठसका लागला.

तेवढ्यात लॅच उघडून अभिनव आत आला. मागे गालाला रुमाल लावून शैलाताई. रसिकाचा प्रश्न दाराबाहेर ऐकू गेला होता. “बाबांना माझा बड्डे कधी आठवलाय? एटी-टू लिही,” अभिनव म्हणाला.

रसिकाचं पेन थांबलं. तिने फॉर्मकडे पाहिलं, अभिनवकडे पाहिलं आणि मग बिचारी पंख्याकडे बघत बसली.

काशीनाथरावांना घाम फुटला. शिबिराचं साल बदलावं, तर भिंतीवर प्रशस्तिपत्र लटकत होतं, तारखेसकट. मुलाचं बदलावं, तर मुलगा समोर उभा. गप्प बसावं, तर ही टेप ऐकणारा प्रत्येक जण शैलाताईंबद्दल नको ते मनात आणणार. आणि टेप तर कायमची राहणार. त्यांनी बायकोकडे पाहिलं. पन्नास वर्षांत तिने त्यांना एकदाही खाली बघायला लावलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“मी नुसताच झोपलो होतो,” ते रेकॉर्डरला म्हणाले. “पाय लटलट कापत होते. डॉक्टर म्हणाले, उठा साहेब, तुमच्याच्याने व्हायचं नाही. मग आम्ही पंधरा मिनिटं गप्पा मारल्या.”

अभिनव हसू दाबत चपला काढत राहिला. हे काढून टाकू का, असं रसिकाने हळूच विचारलं. राहू दे, काशीनाथराव म्हणाले. एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांना हलकं वाटलं.

शैलाताईंनी रुमाल बाजूला ठेवला. नवऱ्याच्या शर्टाला लावलेला माइक काढला आणि स्वतःच्या पदराला टोचला.

“सरका जरा,” त्या म्हणाल्या. “ब्याऐंशी साली, याच्या बारशाच्या आधी, ऑपरेशन मी करून घेतलं. पुढचं मी सांगते.”