खिडकीची उंची

"कडी बाहेरून लाव, काशप्पा. आतून कडी ठिवायला ती काय पाहुणी हाय?"

चांगुणाबाई बाजेवर बसून गवंड्याला बजावत होती. मुडबी गावात तिच्या शब्दाला आडवं जायची कुणाची बिशाद नव्हती. सुनेचीही नव्हती, पण सहा महिन्यांपासून इंदिराचं डोकं फिरलं होतं. ती पिठात काहीतरी कालवायची. शेतात गेलेली असली तरी भिंतीला कान लावला की तिचं पुटपुटणं ऐकू यायचं. चांगुणाबाई आता आपली भाकरी आपणच थापून खात होती.

लेक व्यंकट दोघींना गुलबर्ग्याला घेऊन गेला होता. डॉक्टरानं इंदिराला बाहेर बसवलं आणि चांगुणाबाईलाच तासभर विचारलं. शहाणा माणूस. थोरल्या बाईचा मान ठेवला.

परतल्यावर गोठ्यालगत खोली उठू लागली. वेड्या माणसाची खोली कशी असावी ते चांगुणाबाईनंच सांगितलं. दीड हात जाड भिंत. खाली ताट सरकेल एवढं भोक. धुवायला उताराची फरशी. कोनाडा नको, खुंटी नको. व्यंकट मान खाली घालून "व्हय, माय" एवढंच म्हणायचा.

"खिडकी कुठवर घेऊ?" काशप्पानं व्यंकटला विचारलं.

चांगुणाबाईच बोलली, "हात पोचाया न्हाई पायजे."

"मग हात वर करा, अक्का."

"माझा कामून? ती बुटकी माझ्या खांद्याला लागती."

"उंच माणसाचं माप घेतलं की चूक व्हत न्हाई."

तिनं ताठ उभं राहून हात वर केला. बोटांच्या टोकापासून वर एक वीत मोजून काशप्पानं कोळशानं रेघ मारली. दारात इंदिरानं डोळ्याला पदर लावला.

"रडायलीस? म्हंजी कळतंय की तुला."

शुक्रवारी खोली पुरी झाली. नव्या जागेत पहिला दिवा थोरल्या बाईनं ठेवायचा. इंदिरा निरांजन घेऊन आली, तसं चांगुणाबाईनं ते हिसकावलं.

"मी जिती असताना दिवा तू ठिवणार व्हय गं?"

ती उंबरा ओलांडून आत गेली. कोनाडा नव्हता, म्हणून वाकून दिवा फरशीवर टेकवला. पाठीमागचा उजेड आक्रसला.

"व्यंकट, दार कामून लोटायलास?"

बाहेर कडी सरकली.

तिनं दार बडवलं, लेकाला हाका मारल्या. मग खिडकीकडं धावली आणि हात वर केला.

खिडकी बरोबर एक वीत वर राहिली.