पूर्वेची गुहा

प्लास्टर निघून महिना झाला तरी लेक अंथरूण सोडायला तयार नव्हती. "परत पडले तर?" हेच पालुपद. कुबड्या कोपऱ्यात धूळ खात होत्या आणि उशाशी ड्रॅगनच्या राज्याचं तेच पुस्तक. बाप जमिनीचा मोजणीदार. वीस वर्षांत बोटभरही न चुकलेला. आज जुन्या दगडखाणीची मोजणी करताना तो थबकलाच. सुळके, तळं, गुहा, सगळं हुबेहूब तिच्या पुस्तकातल्या नकाशासारखं! त्याने जागेचा नकाशा काढून संध्याकाळी लेकीपुढे ठेवला. तिने पुस्तक उघडून ताडून पाहिलं. "बाबा, गुहा तळ्याच्या पूर्वेला हवी! तू पश्चिमेला काढलीस." "माझी मोजणी चुकत नसते." "चुकलीय! लाव पैज." "मग चल, तूच बघ." तिने पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, "कुबड्या दे इकडे." कोपऱ्याकडे वळलेल्या बापाने खिशातलं खोडरबर चाचपलं. आधी त्याने गुहा पूर्वेलाच काढली होती.